सोसायटीचं टपाल आमच्या घरी

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये मेल सगळ्यांनाच येतात, पण मेल 'काढतात' ते फक्त माझे बाबा. सकाळी अंघोळ, मग देवपूजा, मग चहा, आणि मग हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसून सोसायटीचं टपाल काढणं. आधी ते चष्मा पुसतात. मग खुर्ची पुढे ओढतात, प्रोग्रॅममधलं मेल आणायचं बटण एका बोटाने दाबतात आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसतात. तेवढा वेळ त्यांच्याशी कोणी बोललेलं चालत नाही. खालची पट्टी सरकत सरकत भरली, की "तीन आले" असं स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगतात. आईचं त्यावरचं उत्तर ठरलेलं आहे, "मगे, त्या तिघांक चाय ठेवू काय?"

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. सोसायटीचा ईमेल एका फुकटच्या वेबमेलवर आहे. म्हणजे मेल राहतात परक्या मशीनवर, कुठे ते देव जाणे, आणि आपण ब्राउझरमधून नाहीतर फोनवरून तिथे जाऊन ते वाचून यायचं. साऱ्या जगाला हे पटलं, बाबांना पटलं नाही. "आपलं टपाल दुसऱ्याच्या घरी का ठेवायचं?" असा त्यांचा सवाल होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मग त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं की कॉम्प्युटरवर एक जुन्या वळणाचा प्रोग्रॅम घालता येतो, जो वेबमेलच्या दाराशी जातो आणि सगळे मेल उचलून घरी घेऊन येतो. तो घालून द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी घाटकोपरला राहते, रविवारी माहेरी जाते, आणि माहेरवाशिणीने कॉम्प्युटर दुरुस्त करावा अशी आमच्याकडे पद्धत आहे.

प्रोग्रॅमने नाव विचारलं, पासवर्ड विचारला, मग येणाऱ्या मेलचा सर्व्हर कोणता आणि जाणाऱ्या मेलचा कोणता, ते वेगवेगळं विचारलं. ते ऐकून बाबांचा चेहरा असा उजळला की मी घाबरलेच. "बघ," ते म्हणाले, "आवक-जावक!"

बाबांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात गेली. येणारा कागद शिक्का मारून आत घ्यायचा, जाणारा कागद शिक्का मारून बाहेर सोडायचा. बढती नाही, वरकमाई नाही, कोणी ओळखतही नाही. माझे आजोबा परळच्या गिरणीत होते, त्यांना निदान संपाच्या गोष्टी तरी सांगता यायच्या. बाबांकडे सांगायला एकच गोष्ट होती: त्यांच्या टेबलावरून कधी कागद गहाळ झाला नाही आणि कधी कोणाच्या कागदातली गोष्ट बाहेर फुटली नाही. ही गोष्ट ते वर्षातून एकदा, बहुतेक गणपतीत, आलेल्या पाहुण्यांना सांगत. पाहुणे मोदकाकडे बघत "वा वा" म्हणत. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं, बाबांना एवढंच होतं, आणि ते त्यांना पुरेसं होतं.

तर प्रोग्रॅमच्या शेवटी एक चौकोन होता. मेल घरी आणल्यावर मूळ जागी त्याची प्रत राहू द्यायची का, असा त्याचा अर्थ. त्यात बरोबरची खूण आधीच होती. ती तशीच ठेवून मी जेवायला उठले. दुपारी सगळे आडवे झाल्यावर बाबांनी एकेक प्रश्न पुन्हा सावकाश वाचला आणि ती खूण काढून टाकली. मला हे पुष्कळ नंतर कळलं. मी कपाळावर हात मारून घेतला तेव्हा त्यांनी शांतपणे नियम सांगितला, "आवक झालेला कागद दाराशी राहता कामा नये. आणि एकच कागद दोन ठिकाणी असला ना, की त्यातला एक कधीतरी खोटा ठरतो." जगातल्या मोठमोठ्या इंजिनिअरांनी यावर काय म्हटलं असतं मला माहीत नाही. परिणाम मात्र असा झाला, की रोज सकाळी चहानंतर सोसायटीचा वेबमेल झाडून पुसून रिकामा होऊ लागला आणि सोसायटीचं समस्त टपाल आमच्या हॉलमध्ये राहायला आलं.

कित्येक महिने हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. पासवर्ड तिघांकडे होता, बाबांकडे सेक्रेटरी म्हणून, शिवाय चेअरमन आणि खजिनदारांकडे. ज्याच्याकडे पासवर्ड असतो तो सहसा मेल उघडत नाही, कारण उघडला तर उत्तर द्यावं लागतं. खरं म्हणजे सोसायटीत सेक्रेटरी कोणी होत नाही, एखादा सापडतो. वार्षिक सभेला पद रिकामं आहे असं जाहीर झालं की सगळे चपला शोधू लागतात, आणि बाबांच्या चपला त्या दिवशी सापडल्या नव्हत्या. पण एकदा सापडल्यावर त्यांनी काम असं धरलं की जणू शासनाने नेमणूक केली आहे. त्यांनी प्रोग्रॅममध्ये कप्पे केले: पाणी, लिफ्ट, गळती, पार्किंग, पुनर्विकास. जे कशातच बसत नाही त्यासाठी 'इतर'. सगळ्यात फुगलेला कप्पा हाच होता.

सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात बिल्डिंग पाडायचं ठरलं. म्हणजे पुनर्विकास. मुलुंडमध्ये ज्या बिल्डिंगसमोर हिरवी जाळी लागलेली नाही तिच्यातल्या लोकांना हल्ली कमीपणा वाटतो. तीन बिल्डरांनी देकार पाठवले, ते सोसायटीच्या मेलवर आले, बाबांनी ते काढले, छापले, कमिटीसमोर ठेवले. मग एका संध्याकाळी चेअरमनना वाटलं, मूळ मेल आपणही एकदा बघावेत. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फोनवर सोसायटीचा वेबमेल उघडला. आत काहीच नव्हतं. बिल्डरांचे मेल नाहीत, जुने मेल नाहीत, पाण्याची तक्रार नाही, काही नाही.

चेअरमन मुळात वाईट माणूस नाही. एका खासगी कंपनीतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेला, बाबांपेक्षा थोडा लहान, आवाजाने मोठा. पण त्यांनी बाबांना फोन करण्याऐवजी बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं: 'सोसायटीच्या ईमेलमधील सर्व मेल काढून टाकलेले आढळले. सेक्रेटरींनी खुलासा करावा.' त्यावर भराभर अंगठे उमटले. मग कोणीतरी लिहिलं की बिल्डरचा माणूस सेक्रेटरींकडे चहाला बसलेला आपण स्वतः पाहिला. बसला होता, खोटं नाही. आई मीटर बघायला आलेल्या माणसालाही चहाशिवाय सोडत नाही. पण साप साप म्हणून भुई धोपटायला लागल्यावर चहा कोण मोजतं! दोन दिवसांत बिल्डिंगचं मत पक्कं झालं की सेक्रेटरी फुटला, त्याने आणखी दोन चांगले देकार दाबले आणि पुरावा उडवला. ज्यांनी आमच्याकडचे मोदक वर्षानुवर्षं खाल्ले होते ते लिफ्टमध्ये बाबांना बघून फोनमध्ये डोकं घालू लागले.

मी त्या रविवारी तणतणतच घरी पोचले. बाबा कॉम्प्युटरसमोर बसले होते, पण बटण दाबलेलं नव्हतं.

"तुम्ही ग्रुपवर लिहीत का नाही?" मी म्हटलं. "एवढंच लिहा, मेल उडवलेले नाहीत, घरी आणलेत, सगळे जसेच्या तसे आहेत. विषय संपला."

"लिहिलं," बाबा म्हणाले.

त्यांनी खरंच लिहिलं होतं. सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांच्या आणि अंगठ्यांच्या मधोमध त्यांचं एक लांबलचक, 'महोदय' पासून सुरू होणारं निवेदन होतं. त्याखाली कोणीतरी विचारलं होतं, 'काका, मेल घरी आणतात म्हणजे काय, दूध आहे काय?' आणि त्याखाली आणखी हसरे चेहरे.

"मग मी सगळे बिल्डरांचे मेल सगळ्यांना पाठवते. फॉरवर्ड करून."

"फॉरवर्ड केलेल्याला मूळ कोण म्हणेल? म्हणतील, त्यात फेरफार केला."

"मग कॉम्प्युटरच न्या खाली! पुढच्या रविवारी सभा आहे ना? टेबलावर ठेवा, उघडा, दाखवा. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

बाबा गप्प बसले. मला त्यांच्या गप्प बसण्याचा लहानपणापासून राग येतो. आरोप करणारा ओरडत असताना खरा माणूस गप्प बसला की लोक गप्प बसण्यालाच कबुली समजतात. हे मी त्यांना चढ्या आवाजात सांगितलं. ते म्हणाले, "खाली न्यायला हरकत नाही. पण बाकीचं उघडावं लागेल."

"बाकीचं काय?"

त्यांनी 'इतर' वर बोट ठेवलं. मी माउस हातात घेतला आणि उघडला.

काय सांगू! आमची बिल्डिंग म्हणजे गोकुळ आहे असं बाहेर सगळे म्हणतात. होळीला एकत्र, गरब्याला एकत्र, कोणाच्या तरी गोरेगावच्या भाचीच्या बारशालाही एकत्र. आणि त्या कप्प्यात बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस दुसऱ्या प्रत्येक माणसाविरुद्ध सेक्रेटरीला मेल करत होता. खजिनदारांच्या कुत्र्याबद्दल तिसऱ्या मजल्याने लिहिलं होतं. तिसऱ्या मजल्याच्या तबल्याबद्दल खजिनदारांनी. कोणाची सून रात्री मिक्सर लावते, कोण कठड्यावरून चादर झटकतो, कोण जिन्यात सिगारेट ओढून थोटकं दुसऱ्याच्या तुळशीत खुपसतो. प्रत्येक मेलच्या शेवटी एकच वाक्य: 'कृपया माझं नाव कुठे येऊ देऊ नये.' मी हसत हसत खाली जात होते आणि एका मेलवर थांबले. तो समोरच्या काकूंचा होता. आमच्या घरातून सुक्या बांगड्यांचा वास येतो आणि त्यांच्या देवघरात जाणं अशक्य होतं, असा.

समोरच्या काकू ही आईची जिवाभावाची मैत्रीण. त्यांच्याकडे मासे होत नाहीत आणि आमच्याकडे त्याशिवाय काही होत नाही, तरी गेली कित्येक वर्षं दोन दारांमधून वाट्या ये-जा करतात. तिकडून आमटी येते, इकडून तांदळाचे घावने जातात. एकीच्या बाळंतपणात दुसरी रात्रभर जागली आहे. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई मनोरीहून आणलेली सुकट निवडत बसली होती.

"हिला ठाऊक आहे?" मी आवाज खाली आणून विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "आणि कळायचंही नाही." मग त्यांनी माझ्या हातातून माउस काढून घेतला आणि कप्पा बंद केला. "हे सगळं लोकांनी विश्वासाने पाठवलंय. माझं नाव जातंय म्हणून मी त्यांची नावं बाहेर काढू?"

माझा राग तिथे थोडा विरघळला, पण गेला नाही. ज्या लोकांची झाकली मूठ हे सांभाळत होते तेच लोक यांना चोर म्हणत होते. आम्ही शेवटी असं ठरवलं, की मशीन खाली न्यायचं आणि फक्त पुनर्विकासाचा कप्पा दाखवायचा. बाबांनी नुकताच धुतलेला सदरा काढून ठेवला. नोकरीच्या शेवटच्या दिवशी घातला होता तसा, इस्त्रीचा.

सभा पुढच्या रविवारी सकाळी, बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये झाली. गाड्या बाहेर काढून लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी आणि वॉचमनने मिळून कॉम्प्युटरचा डबा आणि पडदा लिफ्टमधून उतरवला. कॅरमच्या स्टँडवर फळी टाकून त्यावर तो मांडला, सोसायटीच्या ऑफिसमधून वायर ओढली. लोक असे जमले की जणू आतून नाग निघणार आहे. बाबांनी पुनर्विकासाचा कप्पा उघडला. तिन्ही बिल्डरांचे मेल, त्यांच्या तारखा, त्यांना जोडलेले नकाशे, त्यांना गेलेली उत्तरं, सगळं ओळीने लागलेलं. खजिनदारांनी छापलेल्या कागदांशी एकेक ओळ ताडून पाहिली. एक शब्द कमी-जास्त नव्हता. खजिनदार हळूच म्हणाले, "बराबर आहे यार सगळं."

इथे सभा संपायला हवी होती. पण एवढे लोक एवढ्या उत्साहाने चोर पकडायला आले होते, त्यांना असं रिकाम्या हाती घरी कसं पाठवणार? चेअरमन पुढे वाकले आणि पडद्याच्या डाव्या बाजूला बोट लावून म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, हे 'इतर' काय आहे? यात तर शेकड्यांनी दिसतायत. दबलेले देकार इथेच नसतील कशावरून? उघडा ना."

"ते उघडता येणार नाही," बाबा म्हणाले.

"का?"

"त्यात खासगी टपाल आहे."

"सोसायटीच्या मेलमध्ये खासगी? कोणाचं? तुमचं?"

"माझं एकही नाही. तुम्हा सगळ्यांचं आहे."

बाबांनी माउस मुठीत झाकून घेतला. माझ्या मनात आलं, आता सगळं गेलं. उघडलं तर बिल्डिंग मोडणार, नाही उघडलं तर बाबांचं नाव.

तेवढ्यात मागच्या रांगेतून समोरच्या काकू उठल्या. "माझा मेल असेल तर खुशाल उघडा हो. सुक्या बांगड्यांचा मेल मीच केला. हिला मी त्याच दिवशी तोंडावर सांगितलंय."

"आणि मी सांगितलंय की वास आला तर खिडकी लाव," आई त्यांच्या शेजारच्या खुर्चीतूनच म्हणाली. दोघी शेजारी बसल्या होत्या, मध्ये एक शेंगदाण्यांची पुडी होती.

मग काय, बांध फुटला. खजिनदार म्हणाले, तबल्याचा मेल माझा, मी याला लिफ्टमध्ये पण बोललोय. तिसरा मजला म्हणाला, कुत्र्याचा माझा, आणि कुत्रा अजून तसाच आहे. मिक्सर, चादर, थोटकं, एकेकजण उठून आपापली तक्रार आपणच वाचून दाखवल्यासारखी सांगू लागला आणि ज्याच्याविरुद्ध होती तो हसत हसत उत्तर देऊ लागला. सगळ्यांना सगळं माहीत होतं. 'नाव येऊ देऊ नये' असं लिहून जो तो आपलं नाव स्वतःच सांगून मोकळा झाला होता. पोट धरून हसत होते लोक. फक्त चेअरमन रुमालाने मान पुसत म्हणाले, "झालं, झालं आता. बंद करा ते. मशीन वर न्या." मला वाटलं, तोंडघशी पडल्याची लाज. जरा बरंही वाटलं.

आणि मग कोणीतरी म्हणालं, "काय काका, तुम्ही पण! इतके भोळे कसे हो?"

तो शब्द हातोहात सगळ्या पार्किंगभर फिरला. भोळे हो काका. अगदीच भोळे. अहो, मेल घरी नेतात ते, काय बोलणार. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी गोराईला पिकनिक ठरवू आणि काकांना पुढच्या सीटवर बसवू म्हणालं. चोरीचा डाग एका मिनिटात धुतला गेला होता, आणि त्या जागी हे चिकटवून लोक जेवायला गेले.

वर आल्यावर बाबा किती तरी वेळ सदरा न बदलता बसून होते.

"तुला माहीत होतं?" त्यांनी आईला विचारलं.

"मगे? बोलल्याबिगर लोका रवतत काय?"

"मग मेल कशाला करतात?"

आईने पुडीतले उरलेले दाणे वाटीत ओतले. "बोललेला कोण आयकता? मेल तुमी वाचतास."

ती हे त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाली असावी. पण बाबांना त्या दिवशी काहीच बरं वाटणार नव्हतं. चोर म्हणवून घेणं त्यांनी निभावून नेलं होतं, कारण आतून ठाऊक होतं की आपण चोर नाही. भोळे म्हटल्यावर मात्र तेच स्वतःला विचारत राहिले की खरंच आहोत की काय. त्या संध्याकाळी त्यांनी फुलस्केप कागदावर राजीनामा लिहिला. मेलने द्यायची ती गोष्ट नाही म्हणाले. मी त्यांना अडवलं नाही. मला तर वाटत होतं, बरं झालं, पुढच्या माणसाची वाट लागू दे. माझ्या बापाने लोकांची गुपितं उरापोटाशी धरावीत आणि ती गुपितं निघावीत शिळ्या भातासारखी, याचा मला संताप आला होता. लोकांचाही आला होता आणि बाबांचाही.

पुढच्या रविवारी दुपारी चेअरमन आमच्याकडे आले. आई आत होती, मी सोफ्यावर. त्यांच्या खिशात बाबांचा राजीनामा घडी करून ठेवलेला होता. तो त्यांनी टीपॉयवर ठेवला आणि दार लोटून घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बोला," बाबा म्हणाले. "माझी मुलगी आहे ती. गोष्ट बाहेर जाणार नाही."

"भाऊ," चेअरमन म्हणाले. सभेत ते बाबांना नेहमी सेक्रेटरीसाहेब म्हणायचे. "मी तुम्हाला एक मेल केला होता. आमच्या हिच्याबद्दल."

बाबांनी मान हलवली.

"मला वाटलं, तो तुम्हालाच जातो. तुमचा वेगळा पत्ता माझ्याकडे नव्हता, सोसायटीचाच होता, त्यावर टाकला. आणि विसरून गेलो. शपथ सांगतो भाऊ, साफ विसरून गेलो होतो. सभेत तुम्ही म्हणालात, तुम्हा सगळ्यांचं आहे, तेव्हा आठवलं. पायाखालची जमीन सरकली माझ्या. मीच सांगत होतो, उघडा म्हणून."

मग ते मला सांगितल्यासारखं, पण माझ्याकडे न बघता, बोलू लागले. त्यांच्या बायकोला विसरायला होतं. आधी किल्ल्या, मग गॅस, मग घर. कधीतरी जिना उतरून गेटबाहेर जायची आणि परत यायचा रस्ता आठवायचा नाही. त्यांच्या मुलीचं लग्न जमत होतं. असलं काही कानावर गेलं तर पलीकडची मंडळी काय म्हणतील, ह्या धास्तीने त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. फक्त सेक्रेटरीला मेल केला होता, की वॉचमनला काहीतरी कारण सांगून ठेवा, तिला एकटं बाहेर सोडू नका, पण बिल्डिंगमध्ये कळू देऊ नका.

"वॉचमनला तुम्ही सांगितलंत की त्यांना चक्कर येते," चेअरमन म्हणाले. "आणि त्या दिवशी चेक नाक्यापर्यंत गेली होती, तेव्हा तुम्ही स्वतः घेऊन आलात. हातात भाजीची पिशवी दिलीत तिच्या. खाली सगळ्यांना सांगितलंत, वहिनींनी बाजारात मला चांगली मेथी बघून दिली म्हणून. मला तेव्हा दोन शब्द बोलायला जमलं नाही. आणि नंतर मी तुमच्याबद्दल ग्रुपवर..." तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मी आज लिहितो भाऊ. सगळ्यांसमोर माफी मागतो. सांगतो, हा माणूस भोळाबिळा नाही म्हणून."

"काय कारण सांगाल?" बाबांनी विचारलं.

चेअरमन टीपॉयवरच्या कागदाची घडी बोटाने दाबत राहिले.

बाबा उठले, कॉम्प्युटरसमोर बसले, चष्मा पुसला. 'इतर' मध्ये खाली खाली जाऊन त्यांनी तो मेल काढला. प्रोग्रॅमने विचारलं, हा कायमचा काढून टाकायचा का, पुन्हा मिळणार नाही. साधी पाटी असली तरी दोनदा वाचणाऱ्या माझ्या बापाने तो प्रश्न वाचला नाही, बटण दाबलं. "संपला," ते म्हणाले. "दुसरीकडे कुठेही नाही." जन्मात कागद गहाळ होऊ न देणाऱ्या माणसाने पहिल्यांदा एक कागद नाहीसा केला होता, आणि ते बघून माझे डोळे भरून आले. मला बाबांचा एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता. दार उघडून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि तेच एक करता येणार नव्हतं.

चेअरमन गेले. राजीनामा टीपॉयवरच राहिला, बाबांनी तो उचलून ड्रॉवरमध्ये टाकला. आई चहाचे तीन कप घेऊन बाहेर आली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाली, "गेले पण? कित्याक इले होते चेअरमन?"

"लिफ्टचं होतं काहीतरी," बाबा म्हणाले आणि चहाचा कप घेतला.